लेकीला ‘फिस’मध्ये जायचंय, फी भरायची घाई नको

प्रश्न : मी कोल्हापूरची, शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मुलीनं यंदा कॉमर्समधून बारावी दिली. मागच्या दोन हिवाळ्यांत तिनं गुलमर्गला स्कीइंगचे दोन कोर्स केले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना मिलान-कोर्तिनाचं हिवाळी ऑलिंपिक बघत बसली होती. आता म्हणते, ‘मी खेळाडू होणार नाही हे मला कळतंय, पण हा खेळ जगभर चालवणाऱ्या संस्थेत मला काम करायचंय.’ एका खासगी संस्थेनं स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटच्या डिप्लोमासाठी नऊ लाख सांगितलेत आणि ‘इंटरनॅशनल फेडरेशनमध्ये प्लेसमेंट’ होते असं म्हणतात. तिचे बाबा म्हणतात, ‘आपल्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात असतो.’ मी काय करू?
– एक आई, कोल्हापूर

ताई,

तुमच्या यजमानांचं वाक्य वाचून मला हसू आलं, आणि त्या संस्थेचं वाक्य वाचून राग. आधी रागाचं सांगते. नऊ लाख आत्ता भरू नका. डिप्लोमा वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या दारातून या संस्थेत शिरता येतं, ते दार त्यांनी तुम्हाला दाखवलेलंच नाही.

स्की आणि स्नोबोर्डच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला त्या जगातली माणसं ‘फिस’ म्हणतात. फ्रेंच नावाची आद्याक्षरं आहेत ती. (आपल्या कानाला ते ‘फीस’ ऐकू येतं. तुमच्या पत्रात ती संस्थाही आहे आणि फीही.) २ फेब्रुवारी १९२४ रोजी फ्रान्समधल्या शामोनीत १४ देशांच्या प्रतिनिधींनी ती स्थापन केली. त्याच वेळी तिथं ज्या स्पर्धा चालू होत्या, त्यांनाच पुढं पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हटलं गेलं. आज तिचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये थुन सरोवराच्या काठी ओबरहोफेन नावाच्या छोट्या गावात आहे. पहिल्या शंभर वर्षांत तिला पाचच अध्यक्ष लाभले. त्यातले मार्क होडलर १९५१ ते १९९८, म्हणजे तब्बल ४७ वर्षं खुर्चीवर होते. एवढा काळ आपल्याकडे साखर कारखान्यातसुद्धा कुणी टिकत नाही! हे होडलर पेशानं वकील होते. सॉल्ट लेक सिटीला ऑलिंपिक मिळवून देताना झालेल्या लाचखोरीबद्दल डिसेंबर १९९८ मध्ये उघडपणे बोलले ते हेच. वकिलीचा मुद्दा लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

आता एक घोळ आधी सोडवू या, कारण माझ्याकडे येणारी निम्मी मुलं इथंच चुकतात. मराठीत आपण आभाळातून भुरभुरणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि रसवंतीत फोडतात त्यालाही. खेळांच्या जगात मात्र ही दोन वेगळी संस्थानं आहेत. गोठलेल्या रिंकवरचं स्केटिंग १८९२ पासून वेगळ्याच संघटनेकडे आहे. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राची मुलं आइस स्केटिंगमध्ये दिसतात, त्यांचा फिसशी काही संबंध नाही. शिवा केशवन सहा ऑलिंपिक खेळला ती ल्यूजची घसरगाडी, तिचीही संघटना निराळी. स्की घालून बंदूक चालवायच्या बायथलॉनची आणखी निराळी. कातडी लावलेल्या स्कीवर डोंगर चढायचा-उतरायचा स्की माउंटेनियरिंग हा प्रकार यंदा पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आला, त्याचीही वेगळी. फिसकडे आहेत ते अल्पाइन म्हणजे उतारावरच्या शर्यती, क्रॉस-कंट्री म्हणजे लांब पल्ल्याची दौड, स्की जंपिंग म्हणजे उडी, या दोन्हींचा मिळून नॉर्डिक कंबाइंड, कसरतींचं फ्रीस्टाइल, दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून घसरायचं स्नोबोर्ड आणि काही छोटे प्रकार. त्या छोट्यांत डांबरी रस्त्यावरचं रोलर स्कीइंगही येतं. बर्फाशिवायची ही शाखा तिच्या बाबांना जरूर सांगा.

आणि हे प्रकार गुण्यागोविंदानं एकत्र आलेले नाहीत. सुरुवातीला फिसचा कारभार नॉर्वे-स्वीडनसारख्या नॉर्डिक देशांच्या वळणाचा होता. लांब पल्ल्याची दौड आणि उडी, एवढंच खरं स्कीइंग. उतारावरून सुसाट खाली येणं हाही खेळ आहे हे मान्य व्हायला १९३० उजाडलं आणि पहिली अल्पाइन जागतिक स्पर्धा १९३१ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेनला झाली. स्नोबोर्डचं तर सवतीच्या लेकरासारखं झालं. स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना होती, तरी ऑलिंपिक समितीनं हा खेळ फिसच्या ओटीत घातला. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्डचं ऑलिंपिक पदार्पण झालं, तेव्हा हाफपाइपमधला (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीतल्या कसरतींमधला) त्या काळचा अव्वल खेळाडू, नॉर्वेचा तेर्ये हाकोनसेन, याच कारणावरून गेलाच नाही. ती जुनी संघटना २००२ मध्ये बंद पडली. आणि फिसच्या नावात ‘स्नोबोर्ड’ हा शब्द आला २०२२ मध्ये, नागानोनंतर २४ वर्षांनी! लेकीला मुलाखतीत कुणी विचारलं की ‘क्रीडासंघटनांत सत्ता म्हणजे काय असतं’, तर हे उदाहरण तिला पुरेल.

आता मुद्द्यावर येते. फिसचे सभासद खेळाडू नसतात, देशोदेशीच्या राष्ट्रीय संघटना असतात. खेळाडूचं लायसन्स राष्ट्रीय संघटना काढून देते. स्पर्धा राष्ट्रीय संघटना भरवते. पंच, तांत्रिक प्रतिनिधी, समित्यांवरची माणसं यांची नावं राष्ट्रीय संघटनाच सुचवते. फिसच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्वसाधारण सभेत, मतं देतात त्याही राष्ट्रीय संघटनाच, कुणाला एक मत, कुणाला दोन, कुणाला तीन. २०२२ मध्ये मिलानच्या काँग्रेसमध्ये योहान एलियाश हे अध्यक्षपदाचे एकमेव उमेदवार होते. विरोधात मत द्यायची सोयच नव्हती म्हणून काही देशांचे प्रतिनिधी उठून बाहेर गेले, आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड, क्रोएशिया स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले. वर्ल्ड कपच्या, म्हणजे हिवाळाभर गावोगावी होणाऱ्या शर्यतींच्या मालिकेच्या, प्रक्षेपणाचे हक्क यजमान देशाच्या संघटनेकडे राहावेत की फिसनं एकत्र विकावेत, यावरही अशीच रस्सीखेच झाली आहे. थोडक्यात ही ग्रामपंचायत आहे, फक्त गाव बर्फात आहे. आणि भारताची या पंचायतीतली जागा ‘स्की अँड स्नोबोर्ड इंडिया’ या संघटनेची आहे. तुमच्या लेकीचा रस्ता कोल्हापूरहून थेट ओबरहोफेनला जात नाही. तो गुलमर्ग किंवा उत्तराखंडातल्या औलीच्या फिनिश लाइनवरून जातो.

फिनिश लाइनच का, ते एका प्रकरणावरून सांगते. जरा सविस्तर सांगणार आहे, कारण मला वाटतं या कामाचं सगळं मर्म त्यात आहे.

स्कीत फिसचे गुण उलटे असतात, जितके कमी तितके चांगले. जिंकणाऱ्याला शून्य. बाकीच्यांचे गुण विजेत्याच्या वेळेच्या तुलनेत निघतात. जायंट स्लालममध्ये (उतारावर रोवलेल्या खुणांमधून वळणं घेत खाली यायच्या शर्यतीत) हल्ली त्यासाठी १०१० हा आकडा वापरतात. पहिली मुलगी एका मिनिटात खाली आली आणि दुसरीला ६६ सेकंद लागले, म्हणजे दहा टक्के जास्त, तर दुसरीचे १०१ गुण झाले. पण गल्लीतल्या शर्यतीत पहिलं येणं आणि वर्ल्ड कपमध्ये पहिलं येणं सारखं कसं धरायचं? म्हणून प्रत्येक शर्यतीला ‘पेनल्टी’ असते. भाग घेणाऱ्यांतले चांगले खेळाडू किती तयारीचे आहेत यावरून ती ठरते आणि सगळ्यांच्या गुणांत मिळवली जाते. शर्यत कच्ची, तर पेनल्टी मोठी.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये छोट्या देशांच्या खेळाडूंसाठी एक उंबरठा होता. पाच शर्यतींची सरासरी १४० गुणांच्या आत हवी. व्हायोलिनवादक म्हणून जगप्रसिद्ध असलेली व्हेनेसा मे थायलंडकडून उतरणार होती. पात्रतेची मुदत संपता संपता, जानेवारीत, स्लोव्हेनियातल्या क्रवावेत्सला दोन दिवसांत चार शर्यती झाल्या आणि ती पात्र ठरली. सोचीत शर्यत पूर्ण करणाऱ्या ६७ जणींत ती शेवटची आली, तरी टाळ्या पडल्या. मग फिसनं चौकशी केली. निष्कर्ष असे होते : पेनल्टी खाली यावी एवढ्यासाठी एका निवृत्त, चांगल्या गुणांच्या खेळाडूला उतरवलं, एक खेळाडू पडली तरी तिची वेळ बदलून तिला वरचा क्रमांक दिला, जी हजरच नव्हती तिचंही नाव निकालात आलं, आणि हवा तर शर्यत घेण्यासारखी नव्हतीच. फिसनं व्हेनेसा मेवर चार वर्षांची बंदी घातली, काही अधिकाऱ्यांवरही कारवाई केली. ती लवादाकडे गेली. २०१५ मध्ये लवादानं तिची बंदी उठवली, कारण हेराफेरी तिनं स्वतः केल्याचा पुरावा नव्हता. क्रवावेत्सच्या त्या शर्यतींचे निकाल मात्र रद्दच राहिले.

ताई, यात बघा किती माणसं आली. स्टॉपवॉच धरणारा. निकालाच्या कागदावर सही करणारा. हवा बघून ‘आज शर्यत नाही’ म्हणायचा अधिकार असलेली ज्यूरी. पेनल्टीचा हिशोब तपासणारा. कलमं लावणारा वकील आणि ती कलमं खोडणारा दुसरा वकील. लेकीला ज्या संस्थेत ‘काम’ करायचंय, तिथलं काम म्हणजे हे. झेंडे आणि पदकसमारंभ टीव्हीवर दिसतात एवढंच.

यातलं मधलं पद म्हणजे तांत्रिक प्रतिनिधी, टेक्निकल डेलिगेट, ज्याला सगळे ‘टीडी’ म्हणतात. शर्यतीच्या ठिकाणी तो फिसचा डोळा असतो. उतार प्रमाणित आहे का, जाळ्या कुठं लावल्यात, दोन स्वतंत्र विद्युत घड्याळं आणि वर हातातलं घड्याळ अशी वेळ मोजायची व्यवस्था नीट आहे का, हे सगळं तो बघतो. यंत्र एखाद्या खेळाडूला चुकलंच, तर हातच्या वेळेवरून हिशोब करायची रीत आहे. जवळच्या दहा स्पर्धकांच्या यंत्रातल्या आणि हातच्या वेळांतला फरक काढून दुरुस्ती करतात. कॉमर्सच्या मुलीला यात अवघड काही नाही, पण उणे तापमानात, ओल्या कागदावर आणि मागून प्रशिक्षक ओरडत असताना ते बिनचूक करायचं असतं. टीडी व्हायला स्पर्धांत काम केल्याचा अनुभव लागतो, राष्ट्रीय संघटनेची शिफारस लागते, परीक्षा द्यावी लागते आणि नियम बदलले की स्वतःला अद्ययावत ठेवावं लागतं. स्नोबोर्ड किंवा फ्रीस्टाइलमध्ये गुण देणाऱ्या पंचांचीही अशीच पायऱ्यापायऱ्यांची लायसन्सं असतात.

आणि आता तो कडू घोट, जो त्या संस्थेनं तुमच्यापासून लपवला. टीडी हा पगारी नोकर नसतो. प्रवासखर्च, राहणं-जेवण आणि थोडा दैनिक भत्ता, एवढंच. युरोपात हे काम करणारे बहुतेक लोक पोटापाण्याला दुसरं काहीतरी करतात. कुणी शिक्षक, कुणी इंजिनिअर, कुणी हॉटेल चालवतो. स्वित्झर्लंडच्या कार्यालयात पगारी जागा असतात, पण मोजक्या, आणि त्यासाठी जगभरातून अर्ज येतात. ज्यांच्या गावात वर्ल्ड कप भरतो त्यांच्या मुलांशी तुमच्या मुलीची स्पर्धा असेल. हे तिला घाबरवायला सांगत नाही. पोटाचा धंदा आणि बर्फाचं काम असे दोन पाय असले तर ती उभी राहील. नुसत्या डिप्लोम्याच्या एका पायावर घसरेल.

पोटाचा धंदा म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कायदा. बारावीनंतर पाच वर्षांचा एलएल.बी. एमएच-सीईटी देऊन करता येतो, आणि त्याची फी त्या नऊ लाखांपेक्षा पुष्कळ कमी असलेली चांगली महाविद्यालयं आपल्या राज्यात आहेत. यंदाची सीईटी चुकली असेल तर बी.कॉम. करून तीन वर्षांचा करू दे, काही बिघडत नाही. हे मी आत्ताच का म्हणते? २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा लवाद आता कायद्यात आले आहेत, राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असाव्यात असंही आलं आहे. म्हणजे आजवर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळणारी भांडणं वेगळ्या वाटेनं जातील, आणि संघटनांना घटना, निवडणुका, तक्रारनिवारण हे कागदोपत्री नीट ठेवावं लागेल. बर्फाचा खेळ नाही मिळाला तरी खो-खोपासून कबड्डीपर्यंत तिला काम असेल. भारतीय हिवाळी खेळांना तर वकिलांची गरज फार जुनी आहे. २०१४ च्या सोचीत आपली ऑलिंपिक संघटना निलंबित होती म्हणून आपले खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्याखाली संचलनात चालले. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं!

डोपिंग नियंत्रण हीही एक बाजू आहे, पण त्याबद्दल आत्ता लिहीत नाही. तिला जीवशास्त्रात रस दिसत नाही.

परदेशी शिक्षण? लोझानला क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, न्यूशातेलच्या संस्थेचा ‘फिफा मास्टर’ म्हणून नावाजलेला आहे. दोन्हींना अनुभव घेऊन गेलेल्या माणसाचाच खरा उपयोग होतो. पंचविशीनंतर बघा. तोवर तिला जर्मन शिकू दे. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनापर्यंत जाणं जमत नसेल तर ऑनलाइन. नियमांचं पुस्तक इंग्रजीत मिळतं, पण चहाच्या वेळच्या गप्पा ऑस्ट्रियन जर्मनमध्ये होतात, आणि समितीतली कामं बहुधा चहाच्या वेळी ठरतात.

आता चार ओळी थेट मुलीसाठी, तिला वाचायला द्या.

बाळा, आपल्याला खेळाडू होता येणार नाही हे तू स्वतःच ओळखलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. तरी स्की सोडू नकोस. ज्याला कडेनं घसरत खाली येता येत नाही त्याला शर्यतीच्या मार्गावर कुणी उभं करत नाही. (मी औलीला एकदा उभी राहिले होते. दहा मिनिटांत बसले आणि बसल्या बसल्याच खाली आले.) गुलमर्गचीच संस्था धरून ठेव, किंवा मनालीची, इंटरमीजिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड पूर्ण कर. फिसच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा नियमावली फुकट आहे. अल्पाइनची उघड आणि रोज दोन पानं वाच, कंटाळवाणी आहे, तरी वाच. मग आरिफ खानच्या जुन्या शर्यतींचे निकाल काढ. बेजिंगला २०२२ मध्ये आपला एकटाच खेळाडू होता तो, जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. त्याचे गुण स्वतः वहीत काढून बघ आणि छापील आकड्याशी ताडून पाहा. जुळले की तुला हा खेळ आतून कळायला लागलाय असं समज. कोडगूच्या भवानी तेक्कडाची माहितीही शोध. क्रॉस-कंट्रीत आंतरराष्ट्रीय पातळीवर उतरणारी ही मुलगी कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशातली आहे. ‘आमच्याकडे बर्फ नाही’ असं कुणी म्हणालं की तिचं नाव सांग.

आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा किंवा राष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाल्या की आयोजकांना स्वयंसेवक म्हणून पत्र पाठव. पत्रात ‘मला संधी द्या’ लिहू नकोस. ‘मला हातानं वेळ घेता येते, एक्सेल येतं, स्कीवर उभं राहता येतं, आणि राहण्याची सोय मी करेन’ असं लिही. तारखांवर मात्र विसंबू नकोस. २०२५ मध्ये गुलमर्गला बर्फच कमी पडला म्हणून फेब्रुवारीतल्या स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढ.

ताई, तुमच्यासाठी हिशोब एवढाच. पुढची दोन वर्षं कायद्याचं किंवा कॉमर्सचं शिक्षण चालू, आणि दर हिवाळ्यात एक कोर्स किंवा एका स्पर्धेतलं फुकटचं काम. दोन हिवाळ्यांनंतर, पाय गारठलेले असताना आणि कुणी आभार न मानता, तिला अजूनही तिथं उभं राहावंसं वाटलं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा लोझानचं बोलू. त्या डिप्लोमावाल्यांना एकच प्रश्न विचारा : ‘तुमचा कोणता विद्यार्थी कोणत्या राष्ट्रीय स्की संघटनेकडून टीडीच्या परीक्षेला बसला?’ उत्तर लेखी मागा.

आणि पुढच्या वेळी हातमोज्यांचे दोन जोड द्या, एक जाड आणि एक आतला पातळ. जाड मोजा घालून स्टॉपवॉचचं बटण दाबता येत नाही.